बारा मिनिटांचा मासा

लातूरच्या माणसाने माशावर लिहावं, हे मालवणकडच्या वाचकाला आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि गाडीचं नाव ‘जलदूत’. जिथे पाणीच रेल्वेने येतं, तिथे मासा पोहत येईल अशी आशा कोणी धरत नाही. तोही रेल्वेनेच येतो. आमचा सॅल्मन हैदराबादहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने आला. बिदर, उदगीर, लातूर रोड अशी स्टेशनं घेत, भाच्याच्या मांडीवर, थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्या अंगाखाली घेऊन. शेजारच्या प्रवाशाने ‘लस हाय का?’ म्हणून विचारलं. भाचा ‘हौ’ म्हणाला. लातूर येईपर्यंत त्याला कोणी ‘जरा सरका’ म्हणालं नाही.

हा सगळा उद्योग आमच्या कन्येचा. ती नॉर्वेत बर्गन नावाच्या गावी नोकरी करते. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आमच्याकडे पडला की मांजरा धरणाचं ओटीभरण होतं आणि पुढारी साडी-चोळी घेऊन धनेगावला जातात. तर अशा ओल्या गावात राहणारी ही मुलगी व्हिडिओ कॉलवर दिसते ती बहुतेक वेळा जेवताना, आणि ताटात कायम तोच नारिंगी तुकडा.

‘काय केलीस गं आज?’ आई विचारते.

‘सॅल्मन.’

‘कधी केलीस?’

‘आत्ता. तुमचा फोन लागेपर्यंत झाला.’

हे बायकोला पटेना. आमच्या घरात फोन लागेपर्यंत कांदासुद्धा सोलून होत नाही. पोरगी उपाशी राहते आणि आपल्याला बनवते, असा तिचा ठाम समज झाला. मग मुलीने हैदराबादच्या आतेभावाला कामाला लावलं आणि गोठवलेल्या सॅल्मनचे तुकडे पुराव्यादाखल लातूरला रवाना केले. किंमत भाच्याने सांगितली नाही. मी पाकिटावर वाचली आणि मीही पुढे कोणाला सांगितली नाही. हा परदेशी मासा आपल्याकडे किलोला अडीच-तीन हजारांच्या घरात जातो. तेवढ्या पैशांत रोहू आणला तर गल्लीची पंगत उठेल आणि दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा येईल.

झटपट हा प्रकार आम्हाला नवा आहे असं नाही. लातुरात सकाळी गाड्यावर उभं राहिलं की मिनिटभरात निलंगा राइस हातात येतो, पिवळाजर्द आणि वाफाळता. पण त्या मिनिटामागे कोणीतरी पहाटेपासून चुलीशी उभं असतं. कन्येच्या पाककृतीत असं कोणीच उभं नव्हतं, हीच गोम होती. तिने पाठवलेली कृती अशी. आदल्या रात्री मासा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचा. करायच्या आधी कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने त्याचं पाणी टिपून घ्यायचं, कारण ओला तुकडा तव्याला धरतो. मीठ आणि मिरपूड लावायची. तवा तापला की चमचाभर तेल, आणि कातड्याची बाजू खाली करून तुकडा ठेवायचा. मग पाच-सहा मिनिटं काहीच करायचं नाही. मग उलटायचा, दोन-तीन मिनिटं ठेवायचा, गॅस बंद. वर लिंबू. सगळं मिळून बारा मिनिटं.

बायकोने ती कृती मोठ्याने वाचली. मग ‘काहीच करायचं नाही’ ही ओळ पुन्हा वाचली. ‘म्हणजे झाकण ठेवायचं?’ तिने फोन करून विचारलं.

‘नाही, मम्मी.’

‘मग हलवायचं?’

‘नाही.’

‘पाण्याचा हबका?’

‘काहीच नाही.’

बायकोने फोन माझ्या हातात दिला. ‘तुमच्यावर गेलीय,’ म्हणाली.

पण तव्यापर्यंत पोचण्याआधी वार आडवा आला. पाककृती लिहिणारे साहित्यात सगळं लिहितात, वार लिहीत नाहीत. मासा आला सोमवारी. सोमवार महादेवाचा. मंगळवार तुळजापूरच्या आईचा. बुधवार मोकळा होता, पण नेमकी एकादशी. गुरुवार दत्ताचा, आणि माहूर तर नांदेड जिल्ह्यातच, म्हणजे बायकोचं माहेरचं दैवत; तिथे सूट मिळत नाही. शुक्रवारी शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकू. शनिवार मारुतीचा. बारा मिनिटांत शिजणाऱ्या माशाला आमच्या पंचांगातून वाट काढायला रविवार उजाडला. शिवाय तवा. आमच्या घरचा पोळ्यांचा तवा या कामाला मिळणं शक्यच नव्हतं. गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शेगडी, एक बिडाचा तवा, एक पातेलं आणि एक उलथनं असा स्वतंत्र संसार असतो. मटण तिथेच होतं. सॅल्मनची रवानगीही तिकडेच झाली. नॉर्वेच्या थंड समुद्रातून निघालेला जीव, शेवटी लातूरच्या पत्र्याखाली. प्रत्येकाचं नशीब.

एवढ्या दिवसांत बातमी फुटली. वरच्या खोलीत आमच्याकडे एक मुलगा राहतो. सगळ्या महाराष्ट्रातून पोरं लातूरला डॉक्टर व्हायला येतात, त्यातला हा एक. लातूर पॅटर्नमध्ये जगातल्या गोष्टींचे दोनच प्रकार असतात, परीक्षेला असलेल्या आणि नसलेल्या. तो फ्रीज उघडून पाकिटाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘काका, अस्थिमत्स्यांत रोहू आहे, कटला आहे, मागूर आहे. उडणारा मासा आहे. समुद्रघोडा पण आहे. हा नाही.’

‘मग?’

‘मग नाही ना. पुस्तकात नाही.’

तरी पण त्याने मासा सोडला नाही, कारण ‘बाहेरचं पण विचारतात कधी कधी’. संध्याकाळी त्याने येऊन सांगितलं की सॅल्मनचं मांस नारिंगी दिसतं ते अस्टाझॅन्थिन नावाच्या द्रव्यामुळे. समुद्रात तो कोळंबीसारखे जीव खातो, त्यांतून हा रंग अंगात उतरतो. पिंजऱ्यात पाळलेल्या सॅल्मनला हेच द्रव्य खाद्यातून देतात, नाहीतर तो फिक्कट राखाडी निघतो. हे ऐकून बायकोचा चेहरा पडला. ‘म्हणजे रंग लावलेला हाय,’ ती म्हणाली. मुलाने बरंच समजावलं. पण मार्केटात रंगवलेली हळद आणि पॉलिश केलेली तूरडाळ ओळखण्यात जिची उमर गेली, तिच्यापुढे द्रव्याचं नाव सांगून भागत नाही.

आणि मग नांदेडहून मेहुणे आले.

आमचे मेहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. गोदावरीच्या काठी वाढलेले. विष्णुपुरीच्या धरणावर नोकरीचा मोठा काळ काढल्यामुळे पाणी आणि मासा या दोन विषयांवर त्यांचा शब्द अखेरचा. मरळ निवडावी त्यांनीच. मरळ हवेतलं श्वसन करते, म्हणून पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. विकणारा तिला पाटीत ठेवतो आणि ती आपल्याकडे रागाने बघत असते. मेहुणे तिच्याकडे तेवढ्याच रागाने बघतात, आणि जी मरळ नजर वळवत नाही ती घेतात. अशा माणसाला बहिणीच्या घरी परदेशी मासा आला आहे हे कळल्यावर ते नांदेडला स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. सासूबाईंना सोबत घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने आले. हातात स्टीलचा डबा, डब्यात काळा मसाला, येसर, भाजलेलं खोबरं आणि दगडफूल.

पाकीट उघडून त्यांनी तुकडा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटाने दाबला.

‘दाजी, याला मासा म्हणायलाव का तुम्ही? डोकं कुठं हाय?’

‘नॉर्वेतच ठेवतात.’

‘अन् काटा?’

‘काढून टाकतात. चिमट्याने.’

मेहुणे माझ्याकडे करुणेने पाहत राहिले. डोकं नाही म्हणजे रस्सा नाही, काटा नाही म्हणजे खाताना बोलणं थांबण्याचं कारण नाही. रोहूच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे असतात. तो खाताना आमच्या घरात अर्धा तास शांतता असते. भावकीचे जुने विषय त्या अर्ध्या तासात निघत नाहीत, हा रोहूचा मोठाच उपकार. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून वाढतात, तसला तर प्रकार नाही ना, अशीही शंका मेहुण्यांनी काढली. नाही म्हणालो. रावस आपल्या किनाऱ्याचा, वेगळ्याच कुळातला. हा अस्सल उत्तर अटलांटिकचा, डबाबंद कागदपत्रांसह.

रविवारी संध्याकाळी शेडमध्ये शेगडी पेटली. फोन विटेला टेकवून ठेवला होता, त्यात कन्या. तवा तापला. तुकडे टिपले. मीठ, मिरपूड. मेहुण्यांचा हात दोनदा डब्याकडे गेला, दोनदा बहिणीने नुसतं ‘ए’ म्हटलं. तुकडे कातड्यावर ठेवले, चर्र आवाज झाला, आणि ती पाच मिनिटं सुरू झाली.

वाचकहो, मराठवाड्यातल्या पाच माणसांनी पेटलेल्या शेगडीभोवती उभं राहून काहीही न करणं किती अवघड आहे, हे लिहून सांगता येणार नाही. बायकोने उलथनं पाठीमागे धरलं होतं. मेहुण्यांची बोटं वळवळत होती. ‘उलटू का?’ ‘नाही, मामा,’ फोनमधून आवाज. ‘जळालं तर?’ ‘नाही जळत.’ ‘थोडं तेल सोडू?’ ‘त्याला स्वतःचंच तेल आहे, मामा.’ हे मात्र खरं होतं. तुकड्याच्या कडेने तेल सुटून तव्यावर पसरत होतं. विकत घेतलेली वस्तू घरचं तेल वाचवते, हे पाहून बायको पहिल्यांदाच किंचित विरघळली.

मेहुण्यांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. म्हणून मी म्हणालो, ‘हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो आणि अंडी घालायला उलट पोहत आपल्याच नदीत परत येतो म्हणे.’

बाण बरोबर लागला.

‘मग काय झालं? आपल्या गोदावरीत बी तसला मासा हाय! पुलसा. हिलसा म्हणतात ना बंगाल्यात, तोच. पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढतो, राजमुंद्रीपाशी. गोड्या पाण्यात आला की चव बदलती त्याची. हजारोंनी भाव. तिकडं म्हणतात, मंगळसूत्र विका पण पुलसा खा.’

बायकोने नकळत गळ्याला हात लावला.

‘मग नांदेडला का नाही येत तो?’ वरच्या मजल्यावरच्या मुलाने विचारलं.

इथे मेहुण्यांच्या आवाजात खातं उतरलं. ‘येईल कसा? धवळेश्वरमला कॉटनसाहेबाने १८५२ ला बंधारा पुरा केला, तिथंच अडला तो. समजा चढला तिथनं. वर किती धरणं! श्रीरामसागरची भिंत. ती बी ओलांडली समजा. मग आपला बाभळी बंधारा, धर्माबादजवळ. त्याचे दरवाजे कधी उघडे ठेवायचे हे सुप्रीम कोर्टानं ठरवून दिलंय, २०१३ ला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर. त्या मुदतीत आला तर आला.’

‘आणि पुलसा कधी चढतो?’

‘जुलै ते सप्टेंबर,’ मेहुणे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘तारखा बरोबर जुळायल्यात की, दाजी!’

सर्वोच्च न्यायालयाला जे सुचलं नसेल, ते आमच्या शेडमध्ये सिद्ध झालं होतं. पण मेहुणे तिथे थांबणारे नव्हते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा केलं, हे त्यांच्या मनात सलतं. ज्या मराठवाड्याला समुद्राची झुळूकही लागत नाही त्याच्यावर खाऱ्या पाण्याचा मासा लादला, असं त्यांचं म्हणणं. आणि मरळ? मरळ तेलंगणाने राज्यमासा करून टाकली. ‘पाणी नेलं, मी काही बोललो नाही. मरळ बी नेली!’ मी म्हणालो, मरळ शिजवायची जगातली सर्वांत झटपट रीत तर हैदराबादलाच आहे. मृगाला तिथे दम्याच्या रुग्णांना औषध तोंडात ठेवलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. टिपायला नको, तवा नको, उलटायला नको. आमच्या भागातूनही माणसं त्यासाठी रात्रीच्या गाडीने जातात. फोनमधून कन्येचा आवाज आला : ‘पप्पा, आता उलटा.’

उलटला. कातडं पापडागत कुरकुरीत होऊन आलं होतं. कडेने मात्र पांढरे पांढरे ठिपके वर आले. ‘फुटलं!’ बायको ओरडली. फुटलं नव्हतं. ते त्याचं प्रथिन असतं. आच जास्त झाली की मांस आकसतं आणि ते बाहेर पिळून निघतं. खायला चालतं, फक्त गॅस थोडा आधी बंद करायला हवा होता एवढंच ते सांगतं. सॅल्मन पन्नास-बावन्न अंशांलाच मऊ शिजतो. अमेरिकेचं सरकारी खातं खबरदारी म्हणून ६३ अंश सांगतं. ही माहिती मुलाने दिली तेव्हा मेहुणे विचारात पडले. नांदेडचा पारा मे महिन्यात चव्वेचाळीसला टेकतो. ‘आठ अंशांसाठी गॅस कामून जाळायचा?’ ते म्हणाले. त्यांच्या गच्चीवरचं पत्र्याचं टाकं तेवढं सहज देतं, असा त्यांचा दावा होता.

तुकडे ताटात आले. लिंबू पिळलं. घड्याळात पाहिलं तर कन्येची बारा मिनिटं खरी निघाली. आणि मग जे झालं त्याला कोणाचीच तयारी नव्हती. सगळ्यांनी खाल्लं आणि सगळ्यांना आवडलं. मऊ, तेलकट, गोडसर, पापुद्रे सुटे होणारं. सासूबाई म्हणाल्या, ‘बाळंतिणीला द्यायला चांगलं हाय.’ मेहुणे काही म्हणाले नाहीत, पण त्यांच्या ताटात कातडंसुद्धा उरलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही साडेसातच वाजले होते. आमच्या घरात मांसाहाराच्या दिवशी नऊच्या आत जेवण झाल्याची नोंद नाही. वाटणाला एक जण, भाकरीला दुसरी, कांदा भाजायला तिसरा, ‘मीठ पाहा’ म्हणायला चौथा, आणि भूक लागल्याची तक्रार करायला मी. त्या दिवशी सगळे एकदम बेकार झाले. हात धुऊन एकमेकांकडे बघत बसले. आणि काटा नसल्यामुळे भावकीचा विषय निघालाच. वाटणीतल्या पूर्वेकडच्या बांधापर्यंत गेला.

तेव्हा बायकोनेच उरलेले तुकडे मेहुण्यांच्या हवाली केले. ‘कर तुझा रस्सा,’ म्हणाली. मेहुणे उठले तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसत होते. कांदा भाजला, खोबरं वाटलं, काळा मसाला, येसर, दगडफूल. मुलाला लसूण सोलायला बसवलं, मला भाकरीचं पीठ आणायला पिटाळलं. बांधाचा विषय बंद झाला. पावणेदहाला पातेल्यावर बोटभर तर्री आली, लालभडक, त्यात सॅल्मनचं तेल मिसळलेलं. चव विचारू नका. कडक भाकरी कुस्करून लोकांनी वाट्यामागून वाट्या संपवल्या. सॅल्मन मात्र पळीला लागेना. बराच शोध घेतल्यावर मुलाला वाटीत एक गुलाबी पापुद्रा सापडला. नॉर्वेचा अडीच हजारांचा मासा रश्शात अंतर्धान पावला होता. ‘बघा दाजी,’ मेहुणे मिशा पुसत म्हणाले, ‘आता कुठं मासा झाला.’

माझं मत विचाराल तर कन्येची रीत बरोबर आणि मेहुण्यांचा रस्सा चांगला, पण त्या रश्शाला सॅल्मन लागत नाही. त्याला मरळ हवी, निदान रोहूचं डोकं. आणि सॅल्मनला मेहुणे लागत नाहीत. ज्यांच्याकडे मुलं बाहेरगावी आहेत, संध्याकाळी दोघंच घरात असतात, गुडघे दुखतात, त्यांनी जमेल तेव्हा एखादं पाकीट जरूर आणावं. रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा, कोरडा करा, कातडं खाली, आणि पाच मिनिटं हात बांधून उभे राहा. कडेला पांढरं दिसू लागलं की लगेच उतरवा. आणलाय हे नांदेडला कळवू नका. मरळ आणायची असेल तेव्हा मात्र आदल्या दिवशीच फोन करा. चांगली मरळ सकाळी लवकर जाणाऱ्यालाच मिळते.